घरातला कॉर्डलेस फोन: घ्यावा का, आणि घेतलाच तर कोणत्या क्रमाने बसवावा

कॉर्डलेस फोन ‘खराब निघाला’ म्हणून दुकानात परत जातो, तेव्हा बऱ्याचदा तो ठणठणीत असतो. खोक्यातून काढला, वायफायच्या राउटरला खेटून ठेवला, सेल घालून लगेच नंबर फिरवला, आवाज खरखरला, संध्याकाळी वीज गेली आणि फोन मुका झाला. एवढंच झालेलं असतं. हे सगळं टाळता येतं, पण त्यासाठी क्रम पाळावा लागतो. खालचे टप्पे उड्या मारत करू नका. दुसरा टप्पा तर अजिबात गाळू नका, कारण निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

हा लेख लँडलाइनवर चालणाऱ्या कॉर्डलेसबद्दल आहे, मग ती लाइन तांब्याच्या तारेची असो की फायबरच्या डब्यातून (फायबरची तार घरात येते तिथे कंपनी बसवते त्या डब्यातून) आलेली. सिमकार्ड घालून चालणारा, दिसायला लँडलाइनसारखा टेबलफोन ही वेगळी वस्तू. दुकानात दोन्ही शेजारी मांडलेले असतात आणि ‘वायरलेस’ म्हणून दोन्ही विकले जातात. सिमवाल्याला भिंतीतली लाइन लागत नाही, मोबाइलचं नेटवर्क लागतं. तो फक्त टू-जीचा असेल तर जिओचं सिम त्यात चालणार नाही, कारण जिओचं टू-जी नेटवर्कच नाही. कोणती वस्तू हवी आहे ते दुकानात शिरण्याआधी पक्कं करा.

## टप्पा १: घ्यायचा की नाही ते ठरवा

माझ्या मते कॉर्डलेसचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे एका लाइनवर दोन-तीन हँडसेट. बाहेरच्या खोलीत एक, आजोबांच्या उशाशी एक, वरच्या मजल्यावर एक. बऱ्याच मॉडेलमध्ये एका बेसला (लाइनला जोडलेला, जागेवर राहणारा भाग) चार ते सहा हँडसेट (हातात घेऊन फिरायचा भाग) जोडता येतात. खाली घेतलेला फोन वर देता येतो आणि घरातल्या घरात एका हँडसेटवरून दुसऱ्यावर बोलता येतं. त्याला बिल नाही. ‘आजोबा, जेवायला चला’ म्हणायला जिना चढावा लागत नाही. फिरता फिरता बोलणं, आलेला नंबर दिसणं, स्पीकर, नावं साठवणं हे आहेच, पण ते मोबाइलवरही आहे. मोबाइलवर नाही ते हे, की नंबर घराचा असतो आणि जो घरात असेल तो उचलतो.

आता तोटे, आणि इथे जरा थांबा.

पहिला तोटा विजेचा. तांब्याच्या लाइनवरचा साधा वायरवाला फोन एक्स्चेंजकडून तारेतूनच येणाऱ्या साधारण ४८ व्होल्टवर चालतो, म्हणून घरात अंधार असला तरी तो वाजतो. कॉर्डलेसचा बेस मात्र घरातल्या विजेवर चालतो. वीज गेली की बेस बंद, आणि बेस बंद म्हणजे हँडसेट फुल चार्ज असूनही निरुपयोगी. काही मॉडेलमध्ये वीज गेल्यावर हँडसेट बेसवर ठेवला तर त्याच्याच सेलवर बेस चालू राहतो आणि स्पीकरवर बोलता येतं, पण अशी सोय सरसकट नसते. फायबरची लाइन असेल तर गोष्ट आणखी वेगळी: तिथे फायबरच्या डब्यालाच वीज लागते, त्यामुळे वायरवाला फोनही वीज गेल्यावर बंद पडतो. ‘आमच्याकडे साधा फोन आहे, लाइट गेले तरी चालतो’ हा समज फायबर आल्यानंतरही अनेक घरांत तसाच राहिला आहे. एकदा मुद्दाम मेन स्विच बंद करून बघा.

दुसरा तोटा फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. अनेक बेसना स्वतःची घंटी नसते. वाजतो तो हँडसेट. त्याचे सेल उतरले असतील तर समोरच्याला रिंग ऐकू येते आणि घरात शुकशुकाट. मुलगी पुण्याहून तीन वेळा फोन करते, आई उचलत नाही, शेवटी शेजाऱ्यांना उठवलं जातं. आई तिथेच बसून पेपर वाचत असते.

तिसरा तोटा म्हणजे हँडसेट हरवतो. गादीखाली, देवघरात, गॅलरीच्या कठड्यावर. बेसवर शोधायचं बटण असतं, ते दाबलं की हँडसेट वाजतो, पण सेल उतरले असतील तर तोही वाजत नाही.

माझा सरळ सल्ला: ज्या घरात वयस्कर माणूस एकटा राहतो किंवा ज्याचा विसराळूपणा वाढला आहे, तिथे फक्त कॉर्डलेस ठेवू नका. जागेवरून न हलणारा वायरवाला फोन हवाच. कॉर्डलेस हवा असेल तर त्याच्या जोडीला घ्या. वायरवाला रिसीव्हर आणि कॉर्डलेस हँडसेट एकाच बेसवर असलेली कॉम्बो मॉडेलही मिळतात. तांब्याच्या लाइनवर वीज गेली तरी त्यांचा वायरवाला भाग चालतो. दोन खोल्यांच्या घरात, जिथे फोनपासून कुणीच पाच पावलांपेक्षा लांब नसतं, तिथे कॉर्डलेसची गरज नाही. पैसे वाचवा.

‘त्या लहरींनी काही होत नाही ना?’ हा प्रश्न हमखास येतो. डेक्ट (१.९ गिगाहर्ट्झवर चालणारा कॉर्डलेसचा प्रकार, तिसऱ्या टप्प्यात पुन्हा येईल) फोनची क्षणिक ताकद जास्तीत जास्त २५० मिलीवॅट असते आणि बोलताना हँडसेटची सरासरी साधारण १० मिलीवॅट पडते. कानाला लावलेला मोबाइल, विशेषतः रेंज कमी असताना, याहून कितीतरी जास्त ताकद लावू शकतो. या कारणासाठी कॉर्डलेस टाळायचं काही प्रयोजन नाही.

## टप्पा २: आधी लाइन तपासा, तीही साध्या फोनने

कॉर्डलेस विकत घेण्याच्या आधी हे करा. शेजाऱ्यांचा साधा वायरवाला फोन मागून आणा.

१. लाइन घरात जिथे येते तिथेच तो फोन थेट लावा. फायबर असेल तर डब्याच्या मागच्या फोनच्या सॉकेटमध्ये. तिथे ‘फोन’, ‘टेल’ किंवा ‘पॉट्स’ असं लिहिलेलं असतं.

२. रिसीव्हर उचला. सलग, स्वच्छ डायल टोन यायला हवा.

३. मोबाइलवरून त्या नंबरला फोन लावा. रिंग वाजली का? दोन मिनिटं बोला. खरखर आहे का?

४. त्या फोनवरून मोबाइल लावा.

डायल टोन नसेल तर इथेच थांबा. फायबरच्या डब्यावर फोनचा दिवा बंद असेल तर बहुधा कंपनीने व्हॉइसची, म्हणजे फोनवर बोलण्याची, सेवा सुरूच केलेली नसते. नेट चालतं म्हणजे फोनही चालेल असं नाही. तक्रार कंपनीकडे करा. कोणताही कॉर्डलेस हे दुरुस्त करणार नाही.

सॉकेटची एक चूक फार होते. फोनचा प्लग अरुंद असतो आणि नेटचं (लॅनचं) सॉकेट रुंद. अरुंद प्लग रुंद सॉकेटात जातो, बसल्यासारखाही वाटतो, पण टोन येत नाही आणि कडेच्या पिना वाकू शकतात. प्लग आत जाताना ‘टक्’ आवाज आला पाहिजे आणि हलक्या हाताने ओढल्यावर तो निघता कामा नये.

तांब्याच्या तारेवर ब्रॉडबँड असेल, म्हणजे एकाच तारेवर फोन आणि नेट, तर छोटी डबी मिळते तिला स्प्लिटर म्हणतात. कॉर्डलेस तिच्या फोनच्या बाजूलाच लावायचा. ती गाळून थेट तारेवर लावलात तर फोनवर शिट्टीसारखा आवाज येईल आणि फोन वाजला की नेट तुटेल. दुसऱ्या खोलीत जुना पॅरलल फोन असेल तर त्यालाही स्वतःची स्प्लिटर डबी लागते.

सावधान: सोसायटीच्या इंटरकॉमची तार आणि लँडलाइनची तार कधीही एकत्र जोडू नका. ‘दोन्ही एकाच फोनवर येऊ देत’ म्हणून इलेक्ट्रिशियन सुचवतो, तारा पिळून देतोही. दोन्ही बाजूंनी आपापला व्होल्टेज येत असतो. यात फायबरचा डबा किंवा वॉचमनकडचं इंटरकॉमचं बोर्ड जाऊ शकतं. साधा कॉर्डलेस एका वेळी एकाच लाइनवर चालतो. हवा तर तो फक्त इंटरकॉमवर लावा, तेही चालतं.

## टप्पा ३: खोक्यावर काय वाचायचं

दुकानदार रंग आणि डिस्प्ले दाखवतो. तुम्ही खोकं उलटं करून खालच्या गोष्टी बघा.

फ्रिक्वेन्सी. आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार दिसतात: २.४ गिगाहर्ट्झ आणि १.९ गिगाहर्ट्झ, म्हणजे डेक्ट. घरात वायफाय असेल, आणि आता ते कुणाकडे नाही, तर डेक्टच घ्या. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वायफाय असतं, ब्लूटूथ असतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथेच असतो. दूध गरम करायला ठेवलं की फोनवर खरखर, ही तक्रार या प्रकाराची.

अमेरिकेहून आणलेला फोन. मुलगा किंवा भाचा सुट्टीवर येताना सुरेख तीन हँडसेटचा संच घेऊन येतो. तो इथे लावू नका. अमेरिकेतला डेक्ट १९२० ते १९३० मेगाहर्ट्झवर चालतो. आपल्याकडे डेक्टसाठी १८८० ते १९०० मेगाहर्ट्झ आहे आणि १९२० च्या पुढचा पट्टा मोबाइल कंपन्यांच्या वापरात आहे. म्हणजे तुमचा फोन आणि आजूबाजूचे मोबाइल एकमेकांच्या वाटेत येणार. दुसरं, त्याच्या अ‍ॅडाप्टरवर इनपुट फक्त १२० व्होल्ट लिहिलेलं असेल तर आपल्या २३० व्होल्टवर तो लावताक्षणी जळेल. ब्रिटनमधल्या फोनची फ्रिक्वेन्सी जुळते, पण लाइनचा प्लग वेगळा निघतो.

सेल. ट्रिपल-ए मापाचे, बाजारात कुठेही मिळणारे निकेल मेटल हायड्राइड (चार्ज होणारे) सेल लागणारं मॉडेल घ्या. लाल-काळ्या वायरीचा खास पॅक लागणारं मॉडेल स्वस्त मिळालं तरी नको. दोन वर्षांनी तो पॅक तालुक्याच्या गावी शोधत बसावं लागेल.

रेंज. खोक्यावर ‘घरात ५० मीटर, उघड्यावर ३०० मीटर’ असं लिहिलेलं असतं. ३०० विसरा. ५० सुद्धा पातळ भिंतींचे. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती किंवा मधला आरसीसी स्लॅब आला की आकडा झपाट्याने खाली येतो.

घंटी आणि लोकेटर. बेसला स्वतःची घंटी आहे का आणि हँडसेट शोधायचं बटण आहे का, हे विचारा. पहिली असेल तर उत्तम, दुसरं नसेल तर घेऊ नका.

दुसरा हँडसेट पुढे घ्यायचा विचार असेल तर आत्ताच जोडी घ्या. वेगळ्या कंपनीचा हँडसेट ‘गॅप’ पद्धतीचा (वेगवेगळ्या कंपन्यांचे बेस आणि हँडसेट जुळावेत म्हणून ठरवलेली पद्धत) असेल तर जोडता येतो, पण मग बोलणं तेवढं चालतं. नावांची यादी, हँडसेटवरून हँडसेटवर बोलणं वगैरे कधी चालतं, कधी नाही.

## टप्पा ४: बेसची जागा

बेसला लाइन आणि वीज दोन्ही लागतात, म्हणून लोक तो लाइन जिथे येते तिथेच ठेवून मोकळे होतात. ती जागा बहुतेक घरांत दाराशेजारी, टीव्हीमागे किंवा माळ्याखाली असते. म्हणजे सगळ्यात वाईट. थोडी लांब लाइन कॉर्ड आणा आणि बेस घराच्या मधोमध, छातीच्या उंचीवर, उघड्यावर ठेवा.

- राउटर, फायबरचा डबा, टीव्ही, मायक्रोवेव्ह यांच्यापासून निदान एक-दोन मीटर लांब.
- लोखंडी कपाटावर, फ्रिजवर किंवा मोठ्या आरशाजवळ नको. धातू लहरी अडवतो.
- खिडकीत नको. कोकणात आणि गोव्यात खारी, दमट हवा चार्जिंगच्या पट्ट्यांना गंज चढवते. देशावर ऊन सेल खातं.
- गॅसच्या ओट्याजवळ नको. तेलकट वाफ बटणांत जाऊन बसते.

जास्तीच्या हँडसेटबरोबर येतं ते फक्त चार्जिंग स्टँड. त्याला लाइन लागत नाही, नुसता विजेचा पॉइंट पुरतो. इथे एक चूक होते: रेंज वाढावी म्हणून दुसरं स्टँड मागच्या अंगणाजवळ नेऊन ठेवतात. स्टँड रेंज वाढवत नाही. अंतर नेहमी बेसपासून मोजायचं. खरंच वाढवायची असेल तर तुमच्या मॉडेलला चालणारा रिपीटर (बेसच्या लहरी पुढे पोचवणारं यंत्र) वेगळा घ्यावा लागतो.

विजेचं काय करायचं तेही इथेच ठरवा. घरात इन्व्हर्टर असेल तर बेस आणि फायबरचा डबा दोन्ही इन्व्हर्टरच्या पॉइंटवर लावा. एकच लावून उपयोग नाही. राउटरसाठीचा छोटा यूपीएस घेणार असाल तर व्होल्ट नीट वाचा: तो बहुधा १२ व्होल्ट देतो, आणि कॉर्डलेसच्या बेसला त्याच्या अ‍ॅडाप्टरवर छापलेले, साधारण सहाच्या आसपासचे व्होल्ट लागतात. पिन बसली म्हणून १२ व्होल्ट देऊ नका. बेस जाईल आणि वॉरंटीही मिळणार नाही.

तपासा: बेस ठेवायच्या जागी उभं राहून घराच्या चारी टोकांकडे बघा. कुठल्याही टोकापर्यंत दोनपेक्षा जास्त भिंती आडव्या येत असतील तर जागा बदला.

## टप्पा ५: सेल घालणं आणि पहिलं चार्जिंग

घाई इथेच नडते. क्रम असा:

१. अ‍ॅडाप्टर आधी बेसला, मग भिंतीत. लाइन अजून लावू नका.

२. हँडसेटच्या मागचं झाकण अंगठ्याने दाबून खाली सरकवा. आत सेलवर किंवा पट्ट्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी चिकटवलेली असते, ती काढा. ती राहिली म्हणून ‘डेड’ ठरलेले हँडसेट दुकानात परत जातात.

३. सेल अधिक-उणे खूण बघून घाला.

४. हँडसेट बेसवर डिस्प्लेची बाजू पुढे करून ठेवा. बीप किंवा दिवा यायला हवा. नाही आला तर हलवून बसवा; नुसता टेकलेला हँडसेट चार्ज होत नाही.

५. आता पुस्तिकेत दिले असतील तितके तास हात लावू नका. काही मॉडेलला ७ तास लागतात, काहींना १५-१६. तासाभरात डिस्प्लेवर बॅटरी भरलेली दिसू लागते, त्यावर जाऊ नका. फोनला नव्या सेलचा अंदाज अजून आलेला नसतो. रात्री ठेवा, सकाळी उचला.

सावधान: रिमोटमध्ये घालतो ते साधे किंवा अल्कलाइन पेन्सिल सेल यात कधीही घालू नका. ते मापाने अचूक बसतात, फोन चालूही होतो, आणि बेसवर ठेवला की चार्ज होऊ न शकणारे सेल चार्ज करायचा प्रयत्न सुरू होतो. ते गळतात, तापतात, फुटूही शकतात. सेलवर ‘१.२ व्होल्ट’ आणि ‘रिचार्जेबल’ छापलेलं हवं, १.५ व्होल्ट दिसलं तर परत ठेवा. आणि ट्रिपल-ए सेलवर ३००० एमएएच (सेलची साठवण्याची क्षमता) वगैरे छापलेलं दिसलं तर तो आकडा खोटा आहे. या मापाचा चांगला सेलही १००० च्या आसपासच थांबतो.

## टप्पा ६: लाइन लावा, हँडसेटची नोंदणी करा

चार्जिंग झालं की लाइनची वायर लावा. खोक्यात आलेलीच वापरा. जुन्या फोनची गुंडाळीची वायर ही रिसीव्हरची असते, तिचा प्लग आणखी लहान असतो, ती इथे चालत नाही.

हँडसेट उचला, बोलायचं हिरवं बटण दाबा. टोन आला तर नोंदणी कारखान्यातूनच झालेली आहे. डिस्प्लेवर बेस सापडत नाही किंवा नोंदणी करा अशा अर्थाचं काही येत असेल तर:

१. बेसवरचं शोधायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा. दिवा लुकलुकेल किंवा बीप येईल.

२. लगेच हँडसेटच्या मेनूत नोंदणीचा पर्याय निवडा. याला वेळेची मर्यादा असते, म्हणून मेनूतली जागा आधीच बघून ठेवा.

३. पिन मागितला तर बहुतेक मॉडेलमध्ये तो चार शून्यं असतो.

आता रेंजची चाचणी. कुणालातरी फोन लावा आणि बोलत बोलत घरभर फिरा: न्हाणीघराचं दार, गच्चीचा जिना, मागचं अंगण. जिथे शब्द तुटतो किंवा बीप येतात ती जागा लक्षात ठेवा. हवी ती खोली सुटत असेल तर बेस दोन-तीन फूट सरकवून पुन्हा फिरा. तेवढ्या अंतरानेही फरक पडतो, कारण आडवं येणारं कपाट बाजूला होतं.

## टप्पा ७: सेटिंग

तारीख-वेळ, घंटीचा आवाज, डायलिंग ‘टोन’वर, हे पाच मिनिटांचं काम. खरी मेहनत नंबरांवर घ्या.

१५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइल लावताना आधी शून्य लावावं लागतं. फायबरवरची लाइनही लँडलाइनच. मोबाइलमधली यादी बघून जशाच्या तशा भरलेल्या नंबरांपैकी एकही लागत नाही आणि दोष फोनला जातो. म्हणून प्रत्येक मोबाइल नंबर शून्यासकट, म्हणजे ११ आकडी साठवा. बाहेरगावची लँडलाइन कोडसकट: पुणे ०२०, मुंबई ०२२, नागपूर ०७१२. परदेशातला नंबर दोन शून्यं, मग देशाचा कोड. अधिकचं चिन्ह मोबाइलवर चालतं, इथे त्याच्या भरवशावर राहू नका.

मग एक उलटी चाचणी करा. मोबाइलवरून घरी मिस्ड कॉल द्या आणि आलेल्या नंबरांच्या यादीतून तोच परत लावा. काही लाइनवर आलेला नंबर शून्याशिवाय दिसतो आणि परत लावला की लागत नाही. तसं असेल तर घरच्यांना यादीतून परत लावायला शिकवूच नका, साठवलेल्या नावावरूनच लावायला सांगा. नंबर मुळीच दिसत नसेल तर कॉलर आयडीची सेवा लाइनवर चालू आहे का ते कंपनीला विचारा.

बेसचा पिन बदला. नको ते जाहिरातीचे फोन येत असतील तर त्याच फोनवरून १९०९ लावून नोंदणी करा. ही सोय लँडलाइनलाही आहे. घरात मदतनीस, भाडेकरू यांची ये-जा असेल तर परदेशी कॉल बंद करायची सोय वापरा.

## टप्पा ८: घरच्यांना शिकवा

हा टप्पा लोक करतच नाहीत. आयुष्यभर वायरवाला फोन वापरलेल्या माणसाच्या हाताला सवय असते: बोलणं संपलं की रिसीव्हर ठेवायचा, फोन बंद. कॉर्डलेस गादीवर ठेवला तर तो बंद होत नाही. लाइन तशीच एंगेज राहते, तासन् तास. म्हणून पहिला धडा लाल बटणाचा. त्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या, बोटाने लागतो आणि पुसला जात नाही. दुसरा उपाय म्हणजे ‘बोलून झालं की स्टँडवर ठेवायचा’ हा एकच नियम. स्टँडवर ठेवला की बहुतेक फोन आपोआप बंद होतात, आणि चार्जिंगही होतं.

‘ऑटो टॉक’ चालू केलं तर स्टँडवरून उचलताच फोन सुरू होतो, हिरवं बटण दाबावं लागत नाही. आजी-आजोबांना हे बरं पडतं. पण काही मॉडेलवर उचलल्यानंतर सवयीने पुन्हा हिरवं दाबलं की भलतंच काही होतं. दोन-चार वेळा मोबाइलवरून फोन करून त्यांना स्वतः उचलू द्या. तुम्ही करून दाखवलेलं दुसऱ्या दिवशी उरत नाही.

बेसशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत कागद चिकटवा: घरचा नंबर, पूर्ण पत्ता, खुणेची जागा, डॉक्टरांचा नंबर, ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८. घाबरलेल्या माणसाला स्वतःचा पत्ता आठवत नाही. चाचणी म्हणून ११२ मात्र लावू नका.

कानाचं यंत्र वापरणाऱ्यांना हँडसेट यंत्राजवळ धरल्यावर गुणगुण ऐकू येते का, ते पहिल्याच आठवड्यात बघा, म्हणजे बदलून घ्यायला वाव राहतो. स्पीकरवर बोलणं हा त्यावर बरा उपाय आहे.

## टप्पा ९: बिघाड आणि देखभाल

तक्रार करण्याआधी अ‍ॅडाप्टर काढून मिनिटभराने पुन्हा लावा. तरी सुटलं नाही तर:

बोलताना दहा मिनिटांत टिकटिक आवाज येतो, कॉल तुटतो. सेल संपले. दोन्ही एकदम बदला; एक नवा, एक जुना असं नको. बदलल्याची तारीख सेलवर मार्करने लिहा. रोजच्या वापरात दोन-तीन वर्षं गेली की त्यांचा दम संपतो.

स्टँडवर असूनही चार्ज होत नाही. हँडसेटच्या तळाच्या आणि स्टँडच्या धातूच्या पट्ट्या कोरड्या कापडाने किंवा खोडरबराने घासा. पाणी, तेल नको.

सतत गुंजन. अ‍ॅडाप्टरची वायर आणि लाइनची वायर एकत्र गुंडाळली आहे का बघा. सोडवा. तांब्याच्या लाइनवर स्प्लिटर तपासा.

रिंग येते पण बारीक. लाइनवर किती फोन पॅरलल आहेत ते मोजा. फायबरचा डबा फार फोनांना रिंग देऊ शकत नाही. कॉर्डलेसचे जास्तीचे हँडसेट यात मोजायचे नाहीत, ते लाइनवर नसतात.

टोनच नाही. साधा फोन थेट सॉकेटला लावून बघा. त्यावरही टोन नसेल तर तक्रार लाइनची. ग्राहक सेवेला हे वाक्य पहिल्यांदा सांगा, नाहीतर ‘तुमचा फोन बदलून बघा’ असं सांगून तक्रार बंद होते.

वळवाच्या आणि परतीच्या पावसात कडकडाट सुरू झाला की तांब्याच्या लाइनवरच्या बेसची लाइन आणि अ‍ॅडाप्टर दोन्ही काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही, विजेचा झटका टेलिफोनच्या तारेतूनही येतो. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज येत नाही, पण डब्याच्या आणि बेसच्या अ‍ॅडाप्टरमधून येते, म्हणून तिथेही प्लग काढायचेच.

महिनाभर गावाला जाणार असाल तर हँडसेटमधले सेल काढून ठेवा आणि परत आल्यावर पाचवा टप्पा पुन्हा करा, पूर्ण तासांसकट. निकामी झालेले सेल घंटागाडीच्या ओल्या-सुक्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. तोपर्यंत ते टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळे ठेवा, किल्ल्या आणि सुट्ट्या नाण्यांच्या डब्यात नको.